काकपद

सहाला माझी पाळी संपते.
टॉर्च ड्रॉवरमध्ये, किल्ल्या दिवसपाळीच्या हातात,
आणि फाटकाशी दोन्या एदेलमिरा आधीच उभी,
रुआना खांद्यावरून ओढून घेतलेली,
दुर्बिणीचा तुटका पट्टा बुटाच्या नाडीने सांधलेला.
"चल," म्हणते. नमस्कार-चमत्कार काही नाही.

बोगोतात सकाळ उजाडत नाही,
धुकं थोडं पातळ होतं, एवढंच.
आम्ही कालव्याच्या कडेने निघतो.
कॉफीवाली भेटते. तिच्या बाबागाडीत बाळ नाही,
सात थर्मास आहेत, टॉवेलात गुंडाळून निजवलेले.

पहिली नोंद नेहमी त्याचीच: कोपेतोन.
मानेला तांबूस पट्टा, डोक्यावर अर्धवट तुरा,
गाढ झोपेतून उठवून
कामाला जुंपलेल्या चिमणीसारखा.
"किती?"
"सहा."
"मोजलेस, की आपलं अंदाजपंचे?"
पुन्हा मोजतो.
पाच.

चौतीस वर्षं ती टेलिफोन डिरेक्टरीची प्रुफं तपासायची.
सगळं शहर आडनावाआडनावाने तिच्या बोटाखालून गेलं,
गोमेझांचीच पानंच्या पानं,
आणि एकही गोमेझ दुसऱ्या गोमेझच्या नंबरावर
गेला नाही, म्हणते.
डिरेक्टऱ्या रद्दीत गेल्या.
बोटाची सवय गेली नाही.

मी तिला एकदा सहज बोललो होतो,
की रात्री तीनला, दिव्याच्या खांबावर बसून
कोपेतोन गातो. एकटाच. कुणी नसताना.
तिने मला आपादमस्तक न्याहाळलं,
नोकरीवर ठेवताना न्याहाळतात तसं.
दुसऱ्या दिवसापासून पेन्सिल माझ्याकडे.

फुटबॉलच्या मैदानात, नेमकी पेनल्टीच्या ठिपक्यावर,
एक मिर्ला गांडूळ उपसतेय.
मोबाइलच्या टॉवरवर तीन गिधाडं पंख वाळवत बसलीत.
"तीन," मी आधीच सांगतो.
"दिसतंय मला," ती म्हणते.

दिसतं तिला.

पाणथळीला जाळीचं कुंपण आहे,
त्यात एका जागी माणूस वाकून जाईल एवढं भोक.
पलीकडे पाणकणसं, एक बुडालेला टायर,
टायरवर लाल चोचीची पाणकोंबडी, मालकिणीच्या थाटात.
त्यामागे अठरा मजल्यांची इमारत,
बाल्कनीत कुणीतरी दात घासतंय.

आणि तेव्हा डावीकडून आवाज आला.
ओल्या काचेवर बूच घासावं तसा, बारीक, चढत जाणारा.
तिंग्वा! पाणकणसात लपून राहणारी,
या पठारापलीकडे फारशी न सापडणारी फटाकडी.
मी दोन्याकडे पाहिलं.
ती टायरकडे पाहत होती.

गेल्या वर्षी तिचं बोट माझ्या आधी वर जायचं.

पुन्हा आवाज. तिची मान वळली नाही.
"तिंग्वा," मी म्हणालो. "डावीकडे."
तिने कानाला हात लावला. मग दुसऱ्या कानाला.
तोंड किंचित उघडं ठेवून उभी राहिली,
तशी उभी मी तिला कधी पाहिली नव्हती.
"कशी ओरडली?"

आता मी रात्रपाळीचा माणूस.
माझ्या गळ्याला सवय इंटरकॉमची,
"कोण?" आणि "कितवा मजला?" याची.
तरी खाली, जाड्याभरड्या आवाजात, काढून दाखवलं.
कुत्रा फिरवणारा गृहस्थ थबकला. कुत्राही.

"शेवट चुकला," ती म्हणाली.
"शेवटी ती घसरते. पुन्हा."
पुन्हा.
"घाई करू नकोस. पुन्हा."
चौथ्यांदा तिने डोळे मिटले
आणि मान हलवली. "हं. तीच."

माझ्याकडची पेन्सिल मागून घेतली.
'ऐकली' या रकान्यात एक लिहिलं,
मग थांबली,
एकच्या पुढे काकपद काढलं
आणि ओळीच्या वर, डिरेक्टरीच्या बारीक अक्षरात:
एलिउद कास्तिब्लांको पिरातोवा.
न विचारता. दोन्ही आडनावं.
पिरातोवातला व सुद्धा बरोबर,
जिथे माझ्या पगारपत्रकावर गेली सहा वर्षं ब आहे.

येताना कॉफीचे पैसे तिने मला देऊ दिले नाहीत.
घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते.
पडदा ओढून आडवा झालो.
गळा अजून खवखवत होता.